भूल कुठली देणार, हे आधी विचारलं म्हणून

गर्भाशयातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, काढायचाय म्हटल्यावर सगळे दुर्बिणीबद्दल विचारतात, बायोप्सीत काय निघेल म्हणून धीर देता देता घाबरवतात, मेडिक्लेम बसेल का विचारतात, पण भुलीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. "दहा-पंधरा मिनिटांचं तर काम, एक इंजेक्शन देतात, झोप लागते, उठलं की घरी" एवढंच ऐकायला मिळतं. मला मात्र धास्ती होती ती भुलीचीच, कारण मी ती आधी एकदा घेतलेली आणि त्यानंतरचे कित्येक महिने मला अजून लख्ख आठवतात.

आधी ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा आम्ही भांडुपला राहायचो. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी केली, बाळाचे ठोके लागले नाहीत, आणि घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये डी अँड सी, म्हणजे गर्भाशय आतून साफ करणं, करावं लागलं. मनाची अवस्था काय असते ते ज्या बायकांवर ही वेळ आलीय त्यांना सांगायला नको. भूल देणारे डॉक्टर माझ्याशी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच, पहिल्यांदा बोलले, तेही "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" इतकंच. एक इंजेक्शन गेलं, तोंडाला कोरड पडली, मग दुसरं गेलं, आणि झोप लागली असं मला आजही म्हणवत नाही. वरची ट्यूबलाइट लांब लांब होत गेली, बोलणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी ऐकू यायला लागली, आणि मी एकाच वेळी टेबलावरही होते आणि छताजवळही होते. खाली कोणी बाई पडलीय, ती मीच आहे हे कळत होतं, पण तिचं माझं काही नातं उरलेलं नव्हतं. दुखलं अजिबात नाही, हे मुद्दाम सांगते. पण भीती होती, आणि ती कोणाला सांगायला तोंडच नव्हतं.

जाग येताना मी ओरडत होते असं हे सांगतात. मला आठवतं ते इतकंच की भिंती सरकत होत्या, प्रत्येक माणूस डबल दिसत होता, आणि मी मेलेय पण हे लोक मला सांगत नाहीयेत अशी माझी पक्की खात्री झालेली. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं, बडबडतात बायका, घाबरू नका." उलट्या संध्याकाळपर्यंत चालूच. एकतर बाळ गेलेलं, त्यात हे, आणि रात्री डोळे मिटले की ते छत समोर यायचं. मला वाटलं माझंच डोकं कमकुवत आहे, धक्क्यानं असं झालं असणार. हा औषधाचा परिणाम असू शकतो असं ना कोणी आधी सांगितलं ना नंतर.

तर आता, पंचेचाळिशीच्या तोंडावर पाळी बिघडली, पंधरा-पंधरा दिवस रक्तस्राव, हिमोग्लोबिन ९ वर आलेलं. सोनोग्राफीत अस्तर जाड आणि आत पॉलिप दिसला. आमच्या गायनॅक मॅडम म्हणाल्या, आधी गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आणू, मग हिस्टेरोस्कोपी करून दुर्बिणीतून पॉलिप काढू, अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवू, सकाळी यायचं आणि संध्याकाळी घरी. मी पहिला प्रश्न विचारला तो भुलीचा. जुनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हे तुम्ही ऑपरेशनच्या दिवशी ओटीच्या दारात बोलू नका, भूलतज्ज्ञ मॅडमची आधी वेगळी वेळ घ्या, आणि जुनी फाइल असेल तर घेऊन जा.

फाइल होती. आमच्या सासूबाईंची सवय, हॉस्पिटलचा एकही कागद टाकायचा नाही, सगळं लोखंडी कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात ते पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड सापडलं, आणि खाली डॉक्टरी अक्षरात एक ओळ, इंज. ग्लायको, इंज. केटामाइन. इतकी वर्षं ते कार्ड घरात होतं आणि माझ्या त्या छताचं नाव त्याच्यावर लिहिलेलं होतं.

भूलतज्ज्ञ मॅडमनी ते कार्ड बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तुमच्या डोक्यात काही बिघाड नव्हता, केटामाइनमधून उठताना असं होऊ शकतं, त्यात तुम्ही दुःखात होतात." मला तिथेच रडू आलं. त्यांनी थांबू दिलं. मग म्हणाल्या, आता नीट ऐका, म्हणजे या वेळी काय होणार ते तुम्हाला माहीत असेल.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितेय. आपण सगळ्याला मिळून भूल म्हणतो, पण त्यात निदान तीन गोष्टी असतात, झोप लागणं, दुखणं न कळणं आणि नंतर आठवण न राहणं. प्रत्येक औषध यातलं सगळं करत नाही. मिडाझोलाम हे औषध घाबरेपणा कमी करतं आणि दिल्यानंतरच्या वेळेची आठवण पुसतं, माणूस गुंगीत बोलतोसुद्धा पण नंतर त्याला काही आठवत नाही, मात्र दुखणं ते थांबवत नाही. फेंटॅनिल दुखण्यावर काम करतं, अफूच्या जातीतलं पण प्रयोगशाळेत बनवलेलं, फार ताकदवान, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात, आणि ते श्वास मंद करतं. प्रोपोफॉल झोप लावतं, अर्ध्या-एक मिनिटात, आणि एकच डोस दिला तर पाच-दहा मिनिटांत उतरायला लागतं, पण दुखण्यासाठी त्याचा उपयोग नाही, शिवाय प्रेशर खाली आणतं आणि श्वास दाबतं. आणि केटामाइन एकटंच झोप, वेदना सगळं सांभाळतं, श्वास बहुतेक चालू ठेवतं, प्रेशर खाली न आणता उलट वाढवतं.

मी विचारलं, मग ते वाईट कसं? त्या म्हणाल्या, वाईट म्हणू नका. हे मला फार आवडलं, कारण मी तर त्या औषधावर राग धरूनच गेले होते. केटामाइन १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालं, १९७० मध्ये तिथे मान्यता मिळाली, व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी वापरलं गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. जिथे ऑक्सिजनची खात्री नाही, मॉनिटर धड नाही, तिथे पेशंटचा श्वास चालू ठेवणारी भूल म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट. खूप रक्त गेलेल्या बाईलाही ते उपयोगी पडतं. पण ते मेंदूला शरीरापासून तोडल्यासारखं करतं, त्यामुळे काहींना उठताना भास होतात, भयंकर स्वप्नं पडतात, डोळे थरथरल्यामुळे डबल दिसतं, मळमळ होते. लाळ वाढते म्हणून आधी ग्लायकोपायरोलेट देतात, तीच माझ्या तोंडाची कोरड. सोबत मिडाझोलाम दिलं तर हे भास बऱ्याच जणांत कमी होतात, शांत खोलीत हळूहळू उठू दिलं तरी फरक पडतो. माझ्या कार्डावर मिडाझोलाम नव्हतं. असतं तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, पण मला निदान आधी दोन वाक्यं सांगितली असती तर मी इतकी वर्षं स्वतःला दोष दिला नसता, हे मात्र मी ठामपणे म्हणते.

मग प्रश्नांची फैर. प्रेशरची गोळी कुठली? घोरता का? दात हलतो का? तोंड उघडा, जीभ बाहेर, मान मागे. घरात कोणाला भुलीचा त्रास झालाय का? अंडं, सोयाबीन यांची ॲलर्जी? हे मी विचारलंच की कशासाठी, तर प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही म्हणून ते सोयाबीन तेलात आणि अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनमध्ये घोळवलेलं असतं. आणि गाडी लागते का? लागते ना, गावाला जाताना कशेडी घाटात माझी दर वेळी पिशवी तयार असते. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं, कारण बाई, सिगारेट न ओढणारी आणि गाडी लागणारी, अशांना भुलीनंतर उलट्यांचा धोका जास्त असतो. इथे प्रोपोफॉलचा फायदाच असतो, ते उलटी कमी करणाऱ्यांतलं आहे. मला प्रेशर असल्यामुळे केटामाइन एरवीही त्यांची पहिली पसंती नव्हती.

मी त्यांना अजून एक विचारलं की गुंगीऐवजी जागेपणीच करता येतं का, कारण माझ्या ऑफिसमधल्या एकीची हिस्टेरोस्कोपी ओपीडीतच झालेली. तर येतं म्हणाल्या, नुसती बघायची दुर्बीण बारीक असते, पुष्कळ बायका सहन करतात, गर्भाशयाच्या तोंडाजवळ जागा बधीर करणारी लिग्नोकेनची इंजेक्शनं देऊनही करतात. पण तुमचा पॉलिप मोठा आहे, तोंड रुंद करावं लागेल, तेव्हा झोपेत केलेलं बरं. डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाचं नाव मी नेटवर वाचलं होतं, तेही विचारलं. ते छान शांत करतं आणि श्वास फारसा दाबत नाही, पण सुरुवातीचा डोस दहा मिनिटं हळूहळू सोडावा लागतो, नाडी मंदावते, आणि गुंगी मागे रेंगाळते, पंधरा मिनिटांच्या कामासाठी आणि संध्याकाळी घरी जाणाऱ्या बाईसाठी ते त्यांना सोयीचं वाटत नव्हतं. थोडं केटामाइन आणि प्रोपोफॉल एकत्र देण्याचीही पद्धत आहे, एकाचं प्रेशर खाली दुसऱ्याचं वर, पण माझ्या बाबतीत त्यांनी ते आपणहून बाजूला ठेवलं.

घरी येऊन सांगितलं तर यांनी रात्री मोबाइलवर प्रोपोफॉल शोधलं आणि चेहरा पडला. "अगं, मायकल जॅक्सन याच औषधानं गेला." मी दुसऱ्या दिवशी फोन करून तेही विचारलं, मला लाज वाटली नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, २००९ मध्ये, पण त्याला ते घरी, बेडरूममध्ये, झोप येत नाही म्हणून दिलं जात होतं, लक्ष ठेवायची पुरेशी यंत्रणा नसताना. या औषधाला उतारा नाही. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल आहे, फेंटॅनिलला नॅलोक्सोन आहे, प्रोपोफॉल मात्र आपलं आपण उतरेपर्यंत पेशंटचा श्वास कोणीतरी सांभाळावा लागतो, म्हणून ते देणारा माणूस दुसरं काही काम करत नाही, तुमच्या उशाशी उभा राहतो. हे ऐकल्यावर यांना बरं वाटलं, आणि खरं सांगू का, मलाही.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री गर्भाशयाचं तोंड मऊ व्हावं म्हणून मिसोप्रोस्टॉलची गोळी ठेवायला सांगितलेली. त्यानं ओटीपोटात चांगल्याच कळा येतात, थंडी वाजते, हे ज्यांना करायचंय त्यांनी धरून चालावं. रात्री दहानंतर जेवण बंद, पाणी मात्र ओटीत जायच्या दोन तास आधीपर्यंत चालेल म्हणाल्या. पूर्वी रात्रीपासून घोटभर पाणीही नाही असं असायचं, आता तसं नाही. प्रेशरची अम्लोडिपिन सकाळी दोन घोट पाण्याबरोबर घेतली. नेलपॉलिश काढलं, कारण बोटाला लावायच्या क्लिपला रंगाचा अडथळा होतो. सकाळी कॅब केली, एलबीएस रोडला नेहमीचं ट्रॅफिक, पण पोचलो वेळेत. मंगळसूत्र आणि बांगड्या काढून यांच्या हातात दिल्या, तेव्हा जरा पोटात कालवलं.

ओटी थंडगार. छताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं पण उताणं झोपवल्यावर दुसरं काय दिसणार. भूलतज्ज्ञ मॅडम मास्कमध्ये होत्या तरी आवाजानं ओळखलं. त्यांनी एक एक गोष्ट करताना सांगितली. ही बोटाची क्लिप, ऑक्सिजनसाठी. हा प्रेशरचा पट्टा, आपोआप आवळेल. ही नाकाखालची नळी, एका बाजूनं ऑक्सिजन देते आणि दुसरीतून तुमचा उच्छ्वास मोजते, स्क्रीनवर त्याच्या टेकड्या उमटतात, त्या थांबल्या तर मला क्लिपच्या आधी कळतं. मी मान वळवून ती पिवळी टेकड्यांची रेघ बघितली, माझ्याच श्वासाची. मुद्दाम एक दीर्घ श्वास सोडला तर टेकडी खरंच लांबली.

पहिलं मिडाझोलाम, १ मिलिग्रॅम. खांदे सैल पडले. मग फेंटॅनिल, छातीत ऊब पसरल्यासारखं झालं. मग त्यांनी माझ्यासमोर एक बाटली फोडून सिरिंजमध्ये पांढरंशुभ्र औषध भरलं. आधी भरून का ठेवत नाही, असं मी अडखळत विचारल्याचं आठवतंय, तर म्हणाल्या की यातल्या तेलावर जंतू पटकन वाढतात म्हणून फोडलं की लगेच वापरायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. "आता हात जळजळेल, मी आधी लिग्नोकेन दिलंय तरी थोडं होईलच." झालं. मनगटापासून कोपरापर्यंत शिरेतून आग वर सरकली. मी "जळतंय" म्हणायला तोंड उघडलं.

आणि सिस्टर म्हणाल्या, "झालं बरं का, डोळे उघडा."

मध्ये काहीही नाही, एक क्षणही नाही. मला वाटलं चेष्टा करतायत. छत होतं तिथेच होतं, सरळ, हलत नव्हतं. माणसं एकेकच दिसत होती. घड्याळात जवळपास पंचवीस मिनिटं गेलेली. मी रडायला लागले आणि सिस्टर घाबरल्या की दुखतंय का, तर दुखत नव्हतं, पाळीच्या पहिल्या दिवसाइतकी कळ होती फक्त. मॅडम नंतर येऊन सांगून गेल्या की तोंड रुंद करताना नाडी एकदा खाली आली होती, तिथली नस ओढली गेली की असं होतं, औषध तयारच होतं, पण द्यावं लागलं नाही. एकदा श्वास उथळ झाला तेव्हा त्यांनी हनुवटी वर उचलून धरली. प्रोपोफॉल आधी १०० मिलिग्रॅम, मग लागेल तसं २० चे छोटे डोस. मी सगळं विचारून घेतलं आणि यांना मोबाइलमध्ये टाइप करायला लावलं, कारण मिडाझोलाममुळे मला हे आठवणार नाही असं त्यांनीच बजावलं होतं, आणि खरंच, त्यातलं अर्धं मला आठवत नाही, यांच्या नोंदीवरून लिहितेय.

तासाभरात चहा आणि बिस्किटं, पोटात राहिली. लघवीला होऊन आले, चालताना चक्कर नाही, रक्तस्राव थोडा. तरी मॅडमनी लगेच सोडलं नाही, प्रेशर आणि ऑक्सिजन परत परत बघितलं. घरी नेणारं माणूस सोबत असल्याशिवाय सोडणारच नाहीत असा नियम, आणि २४ तास गाडी चालवायची नाही, कशावर सही करायची नाही, गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही. हे ऐका. मला संध्याकाळी इतकं बरं वाटत होतं की मी पोळ्या लाटायला उठले असते, सासूबाईंनी हाताला धरून बसवलं, आणि रात्री आठला मी बोलता बोलता झोपून गेले ती सकाळीच उठले.

मेडिक्लेमचं म्हणाल तर डे-केअरमध्ये बसलं, २४ तास ॲडमिट राहावं लागत नाही. बिलात भूलतज्ज्ञांची वेगळी ओळ असते, आमच्या नातेवाइकांपैकी एकानं ती बघून "झोपवायचे एवढे पैसे?" असं म्हटलं. मला राग आला. झोपवणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पैसे असतात ते पुढची वीस मिनिटं त्या पिवळ्या रेघेवरून नजर न काढण्याचे.

नंतर मी वाचत बसले. प्रोपोफॉल शोधणारे जॉन ग्लेन हे स्कॉटलंडचे, मूळचे जनावरांचे डॉक्टर, त्यांनी ते इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत तयार केलं. ते १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं, आणि ग्लेन यांना २०१८ मध्ये वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे माझ्या भांडुपच्या वेळीही हे औषध होतंच. तिथे का वापरलं नाही? महाग पडत असेल, नाकाखालच्या नळीतून श्वास मोजणारं यंत्र नसेल, किंवा त्या डॉक्टरांचा हात केटामाइनवर बसलेला असेल आणि हात बसलेलं औषध पेशंटला जास्त सुरक्षित हेही खरं. औषध निवडणं हे त्यांचं काम, ते मी मान्य करते. माझी तक्रार औषधाबद्दल नाहीच. उठताना काय वाटू शकतं हे सांगायला मशीन लागत नाही.

रिपोर्ट आला, साधा पॉलिप, काळजीचं काही नाही. डिस्चार्ज कार्डवर या वेळी चारही औषधांची नावं डोससकट लिहून घेतली, मागितल्यावर मिळाली, कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. आता माझ्या नणंदेची डी अँड सी ठरलीय कळव्याला, तिला दमा आहे आणि वजनही जास्त, त्यामुळे तिचं गणित माझ्यापेक्षा वेगळं असणार. मी तिला "प्रोपोफॉलच माग" असं अजिबात सांगितलेलं नाही. इतकंच सांगितलंय की भूलतज्ज्ञांना आधी भेटायची वेळ माग, इन्हेलर दाखव, रात्री घोरतेस ते लपवू नकोस, आणि उठताना मला काय वाटेल हे विचार. ती म्हणाली, वहिनी, मला नाही गं जमणार एवढं बोलायला. म्हणून शनिवारी मी तिच्याबरोबर जातेय.